पांढरपेशा कामगाराची गृहीत धरलेली संमती

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा ९० वर नेला, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, अशी पृच्छाही केली. दोन्ही वक्तव्यांवर पुष्कळ टीका झाली, त्याहून अधिक विनोद झाले, आणि चार दिवसांनी सारे शांत झाले. वास्तविक ही वक्तव्ये हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मालकवर्गाने एरवी मनात बाळगलेली एक धारणा त्यांतून चारचौघांत बोलून दाखविली गेली. पगार दिला की कर्मचाऱ्याचे आठ तास विकत मिळतात, एवढ्यावर या वर्गाचे समाधान नाही. त्याचा उरलेला वेळ, त्याचे लक्ष आणि त्याची खासगी माहिती हीसुद्धा त्याच पगारात आली, अशी ती धारणा आहे.

सॉफ्टवेअर उद्योगात ही धारणा पूर्णत्वास पोहोचली आहे, कारण ती अंमलात आणण्याची साधने त्याच उद्योगात तयार होतात. या उद्योगातील कामगाराची आजची व्यथा प्रामुख्याने पगाराची नाही. आपल्या वेळेवर, आपल्या खासगी जीवनावर आणि आपण घडवीत असलेल्या वस्तूच्या उपयोगावर आपली काडीमात्र सत्ता नाही, ही ती व्यथा आहे. ही सत्ता त्याच्याकडून कोणी दंडुक्याच्या जोरावर हिसकावलेली नाही. त्याची संमती आहेच असे गृहीत धरून ती काढून घेण्यात आली, आणि आता तर कायद्यानेही त्या गृहीतकावर शिक्का मारला आहे.

बिरुदांचा बाजार

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील काचेच्या इमारतींत रोज सकाळी शिरणाऱ्या तरुणांत शेतकऱ्यांची, प्राथमिक शिक्षकांची, एस.टी. कर्मचाऱ्यांची मुले थोडी नाहीत. आईबापांनी कर्ज काढून त्यांना अभियंता केले. हा तरुण स्वतःला कामगार म्हणवीत नाही. त्याच्या ओळखपत्रावर ‘असोसिएट’, ‘कन्सल्टंट’, ‘टीम लीड’, ‘मॅनेजर’ अशी बिरुदे छापलेली असतात. ती फुकट वाटलेली नाहीत. त्यांमागे पक्का हिशेब आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणाऱ्याचाही समावेश केला होता, पण व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणाऱ्यांना वगळले होते. त्याची जागा घेणारी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिनेही हीच चौकट ठेवली आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक व्याख्येबाहेर टाकला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातूनही गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाचे काम करणारा वगळलेला आहे. तेव्हा चार माणसांच्या चमूतील एकाला ‘लीड’ म्हटले की त्याच्या तासांचा, त्याच्या जादा वेळेच्या मोबदल्याचा आणि त्याला काढून टाकण्याच्या पद्धतीचा प्रश्नच मिटला, अशी सोय मालकाला हवी आहे.

वस्तुतः कामगार कोण हे पदनामावरून ठरत नसून प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दिवसभर दुसऱ्याने ठरविलेल्या आज्ञावल्या लिहिणारा, त्यांतील चुका शोधणारा, रजेसाठी वरिष्ठाच्या तोंडाकडे पाहणारा मनुष्य व्यवस्थापक कसला? पण न्यायालयात जाऊन हे सिद्ध करण्याइतका वेळ, पैसा आणि धीर कितीजणांपाशी असतो? बिरुदाचा खरा उपयोग कायद्यापेक्षा मनावर होतो. ज्याला आपण कामगार आहोत असे वाटतच नाही, तो कामगाराचे हक्क मागेल कशाला?

तासांचा हिशेब

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असतानाच्या काळात तयार झालेल्या आणि १९४६ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. तासांची ही मर्यादा कोणा मालकाच्या दातृत्वातून आलेली नाही. तिच्यामागे पिढ्यांचे झगडे आहेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि लोअर परळमधील त्यांच्या जमिनींवर आज काचेची कार्यालये उभी आहेत. त्या कार्यालयांत काम करणाऱ्यांना आठ तासांचा इतिहास कोणी सांगितलेला नाही.

सॉफ्टवेअर कंपनीत तासांची चोरी कशी होते, हे समजून घेतले पाहिजे. परदेशी गिऱ्हाईकाशी कंपनी एकतर तासांवर करार करते किंवा ठरीव किमतीवर. तासांवर करार असेल तर कर्मचाऱ्याच्या नावे ठरलेले तास गिऱ्हाईकाच्या बिलात लागतात. त्यापलीकडे तो रात्री जे बसतो त्याची नोंद वेळपत्रकात होत नाही, किंवा होऊ दिली जात नाही. ठरीव किमतीचा करार असेल तर काम मिळविण्यासाठी किंमत आधीच कमी लावलेली असते, आणि ती तूट कर्मचाऱ्याच्या झोपेतून भरून काढली जाते. दोन्हीकडे जादा श्रम फुकट. त्यात अमेरिकेचा दिवस ही पुण्याची रात्र, म्हणून संध्याकाळी घरी पोहोचलेल्या माणसाला रात्री दहा वाजता पुन्हा बैठकीला बसावे लागते. एखादा प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतच्या काळाला या उद्योगात ‘बेंच’ म्हणतात. त्या बाकावर बसलेल्या माणसाची अवस्था पूर्वीच्या बदली कामगारापेक्षा फारशी निराळी नसते. तो पगार घेत असतो, पण रोज आपली गच्छंती मोजत असतो.

अशा वेळी सरकारने काय करावे? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आस्थापनांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांवर आणि कारखान्यांतील ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. शेजारच्या कर्नाटकात २०२४ च्या जुलैमध्ये माहिती तंत्रज्ञान उद्योगासाठी १४ तासांच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे आला. उद्योगपती भाषणात बोलतो आणि सरकार मसुदा काढते, अशी ही श्रमविभागणी आहे.

पडद्यामागचा मुकादम

गिरणीतला जॉबर कामगारावर नजर ठेवी, पण तो डोळ्यांना दिसे. त्याची पाठ वळली की दोन शब्द बोलता येत. आजचा मुकादम कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपच्या पोटातच बसलेला असतो. किती कळा दाबल्या, माऊस किती वेळ हलला नाही, कोणती खिडकी किती मिनिटे उघडी होती, दारावरचे ओळखपत्र कधी टेकवले, हे सारे तो टिपतो. काही ठिकाणी ठरावीक अंतराने पडद्याची छायाचित्रेही घेतो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन साधनांत ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ नावाची सोय आणली, तीत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावानिशी त्याच्या हालचालींचे आकडे व्यवस्थापकाला दिसत. ओरड झाल्यावर कंपनीने त्यातली नावे काढली. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेने कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. माणसाचे काम त्याच्या बोटांच्या हालचालींवर मोजले जाऊ लागले, की माणूसही काम सोडून हालचालींचीच सोय पाहू लागतो. विचार करताना बोटे थांबतात, हे या यंत्राला ठाऊक नाही, आणि ज्याच्या उद्योगाचे भांडवलच विचार आहे त्या मालकाला ते ठाऊक असूनही पर्वा नाही.

यावर असे उत्तर दिले जाते की, गिऱ्हाईक बँका आहेत, रुग्णालये आहेत. त्यांच्या माहितीच्या सुरक्षिततेसाठी पाळत आवश्यक आहे. या उत्तरात अर्धे सत्य आहे. परक्या माणसाची नाजूक माहिती कोणी, केव्हा उघडून पाहिली याची नोंद राहिलीच पाहिजे. त्याला कोणताही प्रामाणिक कर्मचारी विरोध करणार नाही. पण माहितीच्या कपाटावर पहारा ठेवणे निराळे आणि कपाटापुढे बसलेल्या माणसाचा श्वास मोजणे निराळे. पहिल्याच्या नावाखाली दुसरे चालू आहे, हा आक्षेप आहे.

कायद्याने केलेला घात

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. योगायोग असा की, पुढे बाराच दिवसांनी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया या खटल्यात कामाच्या ठिकाणीही माणसाचे खासगी जीवन शून्यावर आणता येत नाही, असे ठरविले. तेथे त्याचा परिणाम दिसतो. २०२० मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्याने एच अँड एम या कापड कंपनीला, कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या व घरगुती अडचणींच्या नोंदी ठेवल्याबद्दल, साडेतीन कोटींहून अधिक युरोंचा दंड केला. मालक आणि नोकर यांच्यातील सत्ता विषम असल्यामुळे नोकराने दिलेली संमती ही मुक्त संमती मानता येत नाही, ही युरोपीय कायद्याची दृष्टी आहे.

भारतात काय झाले? संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य तरतुदी २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने अंमलात यायच्या आहेत. संमतीवर उभ्या असलेल्या या कायद्याच्या सातव्या कलमात संमतीवाचून माहिती वापरण्याचे काही ‘वैध उपयोग’ सांगितले आहेत. त्यांतील एक म्हणजे नोकरीविषयक कारणे, आणि मालकाला तोटा वा दायित्व यांपासून वाचविण्याची कारणे. युरोपने विषमता ओळखून नोकराच्या संमतीवर अविश्वास दाखविला. भारताने तीच विषमता पाहून संमतीची अटच काढून टाकली. मालकाचे नुकसान टळावे एवढे कारण पुरेसे असेल, तर कोणती पाळत या कलमात बसणार नाही? कायदा मोडणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो खरा, पण तो सरकारच्या तिजोरीत जाईल. ज्याची माहिती लुबाडली त्याला भरपाई मागण्याचा माहिती तंत्रज्ञान कायद्यातील जुना मार्ग मात्र बंद करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याचा ठपका आला, तर तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! आणि याच कायद्याच्या आडून माहिती अधिकाराच्या आठव्या कलमाचा अर्थ संकुचित करण्यात आला, ती दुरुस्ती तर नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. खासगीपणाची ढाल अधिकाऱ्याला मिळाली. कामगाराच्या हातून ती काढून घेतली गेली.

कामाबाहेरच्या वेळेबाबतही हेच. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्ध्यांचेही काम केल्याबद्दल ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे सांगितले. एकाच वेळी दोन प्रतिस्पर्ध्यांची चाकरी करणे समर्थनीय आहे असे नाही. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने व्यवसायाला आडकाठी करणारे करार निरर्थक ठरविलेले असताना, नोकरी सोडल्यावरही अमुक ठिकाणी काम करणार नाही अशी कलमे नेमणूकपत्रांत घातली जातात, त्यांचे काय? आणि कंपनी कायदा एका गृहस्थाला एकाच वेळी २० कंपन्यांवर संचालक म्हणून बसण्याची मुभा देतो, त्याची निष्ठा कोण तपासतो?

सदसद्विवेकाची किंमत

सॉफ्टवेअर कामगाराच्या मनातील अस्वस्थतेचा आणखी एक पदर आहे. ज्या पाळतीखाली तो स्वतः बसतो, तिच्याहून मोठी पाळत तो इतरांसाठी घडवीत असतो. अमेरिकेतील बड्या कंपन्यांची संपत्ती सामान्य माणसाच्या आवडीनिवडी, हालचाली आणि संभाषणे यांच्या नोंदींवर वाढली आहे. २०१९ मध्ये फेसबुकला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाच अब्ज डॉलरचा दंड केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअॅपच्या २०२१ च्या धोरणाबद्दल मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हे धोरण संचालकांनी ठरविले असले तरी ते यंत्रात उतरविले पगारी माणसांनीच.

या माणसांना विवेक नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी अमेरिकी लष्करासाठीच्या ‘मेव्हन’ प्रकल्पाविरुद्ध पत्रावर सह्या केल्या आणि कंपनीला तो करार पुढे चालविण्याचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सुमारे २०,००० कर्मचारी लैंगिक छळाच्या प्रकरणांतील कंपनीच्या वागणुकीचा निषेध करण्यासाठी जगभरच्या कार्यालयांतून बाहेर पडले. पण पुढे काय झाले? एप्रिल २०२४ मध्ये इस्रायल सरकारशी केलेल्या ‘निंबस’ कराराविरुद्ध कार्यालयात ठिय्या देणारे आणि त्यांच्याशी संबंध असल्याचे मानले गेलेले मिळून सुमारे ५० जण काढले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, शस्त्रे व पाळत यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही, हे अभिवचनही कंपनीने आपल्या तत्त्वांतून गाळले. विवेकाला संघटनेचे बळ नसले, म्हणजे मालकाची मर्जी असेपर्यंतच तो टिकतो, हा या सहा-सात वर्षांचा धडा आहे.

‘नको असेल तर सोडून जा’

कामगार चळवळीतही एक मत प्रचलित आहे. या मंडळींना भरपूर पगार आहेत, मोटारी आहेत, सदनिका आहेत. त्यांचे दुखणे हे सुखवस्तूंचे दुखणे, त्यासाठी कार्यकर्त्याने वेळ का दवडावा? आणि नको असेल तर ते नोकरी बदलू शकतात. हे मत मालकाच्या सोयीचे आहे. सदनिका बँकेची आहे आणि तिचे हप्ते वीस वर्षांचे आहेत. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मध्यम व वरिष्ठ स्तरावरचे लोक होते. चाळिशीत बाहेर पडलेला असा मनुष्य कोठे जाणार? आणि सर्वत्र एकच मुकादम लॅपटॉपमध्ये बसला असेल, तर नोकरी बदलून बदलते काय? शिवाय या यंत्रणेची झळ सदनिकेत थांबत नाही. घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या मुलाला किती मिनिटांत पोहोचायचे हे सांगणारी, आणि उशीर झाला की त्याचे गुण कापणारी आज्ञावली याच कार्यालयांत लिहिली जाते. लिहिणारा आणि धावणारा हे दोघे एकाच मोजपट्टीखाली आहेत. त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यात कोणाचे हित आहे, हे कार्यकर्त्याला सांगावे लागू नये.

संघटनेला जागा नाही असेही नाही. तामिळनाडू सरकारने २०१६ मध्येच माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांना संघटना करता येते हे स्पष्ट केले. कर्नाटकात २०१७ पासून या कर्मचाऱ्यांची संघटना काम करते आहे, आणि १४ तासांच्या प्रस्तावाविरुद्ध तीच प्रथम उभी राहिली. पुण्यातही ‘नाइट्स’ ही संस्था कपातीविरुद्धच्या तक्रारी कामगार आयुक्तांपर्यंत नेत असते. हे प्रयत्न लहान आहेत. त्यांना चळवळीचा अनुभव आणि कायद्याचे साह्य मिळाले पाहिजे.

मागण्याही स्पष्ट असाव्यात. माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमातील मालकाची सवलत रद्द करावी. काय टिपले जाते, कोण पाहतो आणि ते किती काळ ठेवले जाते, हे कर्मचाऱ्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींशी ठरविल्याखेरीज पाळत ठेवता येऊ नये. पदनाम काहीही असो, प्रत्यक्ष काम पाहून कामगाराचा दर्जा देण्याचे काम कामगार खात्याने आपण होऊन हाती घ्यावे. जादा तासांची खरी नोंद आणि दुप्पट मोबदला मिळावा. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून दिला आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी पूर्वी आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये तशी खासगी विधेयके लोकसभेत मांडली, त्यांमागे जनमताचे बळ उभे करावे. आणि लोकविरोधी काम उघडकीस आणणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण मिळावे. २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा खासगी नोकरांना लागू नाही, आणि सरकारी व्यवहारांपुरता तो आहे तोही अंमलात आणलेला नाही.

गिरणीचा भोंगा वाजला की कामगाराला निदान पाळी संपल्याचे कळत असे. भोंग्यापलीकडचा वेळ आपला आहे, हे लोखंड्यांच्या पिढीने झगडून मिळविले. आजच्या कामगाराचा भोंगा त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहे आणि तो रात्रभर वाजतो. तो कोणी वाजवावा आणि कधी थांबवावा, हे ठरविण्याचा अधिकार एकट्यादुकट्याच्या राजीनाम्याने मिळणार नाही. तेव्हा हिंजवडीच्या बसथांब्यांवर, तेथील भाड्याच्या खोल्यांतून आणि रविवारच्या मोकळ्या दुपारी या तरुणांना गाठून, ‘तू कामगार आहेस’ हे चार शब्दांपलीकडे न जाणारे सत्य आधी पटविणे, हे कार्यकर्त्यांपुढचे पहिले काम आहे.